संसदीय वादविवाद स्पर्धा

विद्यापीठीय विद्यार्थ्यांची सांघिक स्पर्धा. ब्रिटिश संसदीय पद्धतीत एका सामन्यात प्रत्येकी दोघांचे ४ संघ असतात. २ सरकार पक्षाचे, २ विरोधी पक्षाचे. बाजू निवडता येत नाही, ती वाट्याला येते. विषय जाहीर झाल्यावर तयारीला जेमतेम १५ मिनिटे. प्रत्येक वक्ता ७ मिनिटे बोलतो. पहिले व शेवटचे मिनिट वगळता प्रतिपक्षाचा स्पर्धक मध्येच उभा राहून मुद्दा मांडू पाहतो. त्याला बोलू द्यायचे की खाली बसवायचे, हे वक्त्याने क्षणात ठरवायचे. खरा कस इथेच लागतो. एकाच बाजूचे दोन संघही परस्परांचे प्रतिस्पर्धी असल्याने दुसऱ्याला पहिल्याचे न खोडता नवे काही मांडावे लागते. परीक्षक चर्चेने क्रम लावतात व कारणेही सांगतात. गुण अनुक्रमे ३, २, १, ०. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा १९८१ मध्ये ग्लासगो येथे सुरू झाली. ती आता याच पद्धतीने होते. २०१४ ची स्पर्धा चेन्नईत झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन स्पर्धांत मात्र बहुधा एकाच संघातील एक विद्यार्थी विषयाच्या बाजूने, दुसरा विरुद्ध बोलतो आणि दोघांच्या गुणांच्या बेरजेवर फिरता करंडक दिला जातो.