रोमचे राजमार्ग आणि रयतेच्या गाड्या

इ. स. पू. ३१२ मध्ये अ‍ॅपियस क्लॉडियस याने रोमपासून कापुआपर्यंत राजमार्ग बांधावयास घेतला. त्याच्याच नावाने तो ‘विया अ‍ॅपिया’ म्हणून प्रसिद्ध पावला. पुढील चार शतकांत असे मार्ग ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरले आणि त्यांच्या कडेला मैलांचे दगड उभे राहिले. परंतु रस्ता असणे आणि त्यावरून सर्वांची पत्रे जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

प्रजासत्ताकाच्या काळात सरकारी टपालखाते असे नव्हतेच. सिसेरोसारखा माजी कॉन्सलदेखील आपली पत्रे गुलामांच्या, मुक्त केलेल्या सेवकांच्या किंवा करवसुलीच्या मक्तेदारांकडील जासुदांच्या हाती देई. इ. स. पू. ५४ मध्ये त्याचा भाऊ क्विंटस सीझरबरोबर ब्रिटनच्या स्वारीवर असता, तेथील पत्र रोमला पोहोचण्यास सुमारे महिना लागे.

ही उणीव ऑगस्टसने भरून काढली. मात्र ती केवळ सरकारपुरती. सुएटोनियसच्या वृत्तान्तानुसार प्रथम टप्प्याटप्प्यावर तरुण जासूद नेमले गेले. पुढे त्यांच्याऐवजी गाड्या ठेवण्यात आल्या. कारण पत्र आणणारा मनुष्य आरंभापासून एकच असला, म्हणजे त्याच्याकडे तोंडी विचारपूसही करता येई. या सोयीसाठी ‘डिप्लोमा’ नावाचा परवाना लागे.

या गाड्या व खेचरे पुरवावयाची कोणी? तर वाटेवरच्या गावांनी. आजच्या तुर्कस्तानातील सागालासोस नगराच्या प्रदेशात सापडलेला, टायबेरियसच्या आरंभकाळातील एक द्विभाषी शिलालेख याची साक्ष देतो. त्या नगराने दहा गाड्या व तितकीच खेचरे सिद्ध ठेवावी, आणि वापरणाऱ्याने ठरलेले भाडे द्यावे, असे सुभेदाराने त्यात फर्माविले आहे. फुकट गाड्या नेऊ नयेत, ही सम्राटांची आज्ञा पुन्हा बजवावी लागावी, याची खंतही तो व्यक्त करतो. आज्ञा दगडात कोरावी लागली, यावरूनच ती कितपत पाळली जात असेल, हे ध्यानात येते.

इ. स. ९७ मध्ये नर्व्हाने इटलीला या ओझ्यातून मुक्त केले आणि नाण्यावर मोकळी चरणारी खेचरे कोरविली. प्रांतांच्या वाट्याला मात्र ही सवलत आली नाही. ट्रेजनच्या काळी बिथिनियाचा सुभेदार असलेल्या धाकट्या प्लिनीने आजेसासऱ्याच्या निधनानंतर पत्नीला माहेरी धाडण्यासाठी परवाना वापरला आणि सम्राटाकडे त्याचा खुलासा केला. ट्रेजनने ते कृत्य मान्य केले. सुभेदाराच्या घरच्या दुःखाला राजमार्ग खुला होता. गाडी जुंपून देणाऱ्या शेतकऱ्याच्या दुःखाला तो नव्हता.

तथापि सामान्यांची पत्रे थांबली नाहीत. ब्रिटनमधील विंडोलांडा येथे १९७३ पासून लाकडी पातळ पट्ट्यांवरील लेखन सापडत आले आहे. रस्ते खराब असताना जनावरांचे हाल नकोत, म्हणून कातडी आणावयास गेलो नाही, असे ऑक्टेव्हियस नावाचा गृहस्थ एका पट्टीवर कळवितो. दुसरीवर इ. स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा आपली मैत्रीण लेपिडिना हिला वाढदिवसाचे निमंत्रण देते. शेवटच्या ओळी तिच्या स्वहस्ताक्षरात आहेत. सम्राटांचे असंख्य खलिते नष्ट झाले. ही घरगुती अक्षरे मात्र ओल्या मातीने जपली. साम्राज्याचा इतिहास लिहिताना त्यांनाही राजाज्ञांइतकेच स्थान द्यावयास हवे.