घरांतील शिसें आणि मुलांची बुद्धि

शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं थाळनेर हें जुनें गांव आहे. फारुकी घराण्याची ही एके काळची राजधानी. 1818 सालीं इंग्रजांनीं येथील किल्ला घेतला तेव्हां शिशाच्या गोळ्यांचा मारा झाला आणि अखेर किल्लेदारास फांशी देण्यांत आलें. ही हकीकत बखरींतून व गॅझेटियरांतून वाचावयास मिळते. परंतु शिशाचा दुसराहि एक इतिहास आहे. तो बुरुजावर घडला नाहीं. स्वयंपाकघरांत, देव्हाऱ्यापाशीं आणि रंगविलेल्या दारा-खिडक्यांपाशीं घडला. त्यांत ज्यांची हानि झाली त्यांचीं नांवें कोणत्याहि दप्तरांत नाहींत. फार तर शाळेच्या प्रगतिपुस्तकांत त्यांच्यापुढें ‘मंद’, ‘चंचल’, ‘अभ्यासांत लक्ष नाहीं’ एवढा शेरा सांपडेल.

शिसें घराला परकें कधींच नव्हतें. रसशास्त्रांत त्याला नाग म्हणतात. मारुतीला व म्हसोबाला चढणारा खरा शेंदूर शिशाचा, रंगाऱ्याचा जुना सफेदा शिशाचा, मुरदाडशिंगहि त्याचेंच. बाजारांतील कांहीं सुरम्यांत शिशाचें खनिज कुटलेलें असतें. घरीं दिव्यावर धरलेल्या काजळांत तें नसतें. कल्हई वास्तविक कथलाची. पण कथील महाग, शिसें स्वस्त, आणि झळाळी दोहोंची सारखी. त्यामुळें लबाड कल्हईवाल्याला मोह सुटे. अशा भांड्यांत चिंचेची आमटी रात्रभर राहिली, कीं आंबटाबरोबर थोडें शिसेंहि तिच्यांत उतरणार. शिसपेन्सिल मात्र नाहक बदनाम झाली आहे. तिच्यांत शिसें मुळींच नसतें, असतें तें ग्रॅफाइट.

खानदेशांतील धाब्याच्या घरांना माती आणि शेण पुरत असे. तेलरंग आला तो पक्क्या घरांबरोबर, सुबत्तेची खूण म्हणून. या रंगावर पहिला स्पष्ट आरोप झाला तो दूर ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत. तेथील मुलांना पोटशूळ, हातापायांचा लुळेपणा व दृष्टिदोष कां जडतात, हें कोडें डॉक्टरांना पडलें होतें. 1904 सालीं लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यानें सांगितलें, कीं दोष ओसरीच्या कठड्यांचा आहे. उन्हानें रंग भुरभुरतो, मुलें कठड्याला हात लावतात आणि तींच बोटें तोंडांत घालतात. निदान इतकें सोपें होतें. तरी प्रांतिक सरकारला कायदा करावयास 1922 साल उजाडावें लागलें. त्याच्या आदल्या वर्षीं जिनिव्हा येथें सफेद्याविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्यांत विचार होता रंगकाम करणाऱ्या कामगारांचा. कठड्यापाशीं खेळणारें मूल कोणाच्या ध्यानांत नव्हतें.

त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती, कीं विषबाधा झालेलें मूल एक तर दगावतें, नाहीं तर पूर्ण बरें होतें. या समजुतीला धक्का दिला तो शाळेनें. बॉस्टन येथील डॉ. रँडॉल्फ बायर्स व मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉर्ड यांनीं शिशाच्या बाधेंतून ‘बरीं झालेलीं’ 20 मुलें पुढें शाळेंत कशीं चाललीं आहेत, याचा माग काढला. 1943 सालीं त्यांनीं निष्कर्ष छापला. 20 पैकीं 19 मुलांची शाळेंतील प्रगति असमाधानकारक होती. रोग्यांच्या यादींतून त्यांचीं नांवें कधींच निघालीं होतीं!

पण ज्याला कधीं बाधा झाल्याचें दिसलेंच नाहीं, त्या मुलाचें काय? रक्तांतील शिसें कांहीं आठवड्यांत ओसरूं लागतें, म्हणून जुना हिशेब रक्तांत मिळत नाहीं. तो मिळतो हाडांत आणि दांतांत. महाराष्ट्रांत दुधाचा दांत पडला कीं मुलें तो छपरावर भिरकावतात. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरानें बॉस्टनजवळच्या मुलांकडून ते दांत मागून घेतले, त्यांतील शिसें मोजलें, आणि शिक्षकांकडून त्या मुलांविषयींचे शेरे मागविले. कोणाच्या दांतांत किती शिसें आहे हें शिक्षकांना ठाऊक नव्हतें. तरीहि 1979 सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधांत दोन हजारांहून अधिक मुलांचे शेरे पायरीपायरीनें जुळले: शिसें वाढे तसें ‘लक्ष विचलित होतें’, ‘काम पुरें करीत नाहीं’ हे शेरे वाढत जात. घरोघरच्या मुलांवर छडी किती वेळां शिशाच्या अपराधासाठीं उगारली गेली असेल, याचा हिशेब कोण मांडणार?

शिसें मेंदूला भुलवितें तें कॅल्शियमचें सोंग घेऊन. वाढत्या मेंदूंतील पेशी एकमेकींशीं सांधे जोडतात आणि नको ते तोडतात. त्या कामीं कॅल्शियम निरोप्याचें काम करतें. त्या निरोप्याच्या जागीं शिसें घुसलें कीं निरोप चुकतात. शिवाय प्रौढ माणूस पोटांत गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषतो, तर लहान मूल जवळजवळ निम्मा. अन्नांत लोह व कॅल्शियम कमी असेल तर हें शोषण आणखी वाढतें. म्हणजे कुपोषित मुलावर मार दुहेरी. आईच्या हाडांत सांठलेलें शिसें गर्भारपणांत सुटून गर्भापर्यंतहि पोंचतें.

जसजसें ज्ञान वाढलें तसतशी मर्यादा खालीं आली. 1960 च्या सुमारास अमेरिकेंत मुलाच्या 100 मिलिलिटर रक्तांत 60 मायक्रोग्रॅमपर्यंत शिसें चालतें असें मानीत. 1991 सालीं 10, 2012 सालीं 5 आणि 2021 सालीं 3.5 हा धोक्याच्या इशाऱ्याचा आंकडा ठरला. निर्धोक असा आंकडा कोणताच सांपडलेला नाहीं.

हिंदुस्थानांत 1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत मुंबई व दिल्लीच्या तीन वर्षांखालील 1,081 मुलांचें रक्त तपासलें गेलें. त्यांपैकीं 76 टक्के मुलांत शिसें 5 ते 20 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होतें. पेट्रोलमधील शिसें देशभर 2000 सालीं बंद झालें. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसें नसावें, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तरीहि 2020 सालच्या युनिसेफच्या अहवालांत रक्तांत 5 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें असलेल्या भारतीय मुलांचा अंदाज सुमारें 27 कोटी 50 लाख दिला आहे. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचा प्रकार 2019 सालीं बांगलादेशांत उघडकीस आला. तेथील सरकारनें छापे घालून तो दोन वर्षांत जवळजवळ मोडून काढला.

औषधानें ही चूक दुरुस्त होईल अशी आशा होती. 2001 सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला: औषधानें रक्तांतील शिसें उतरलें, मुलांच्या बुद्धिमापनाच्या गुणांत मात्र फरक पडला नाहीं. म्हणून प्रश्न उरतो तो घरांतील जुन्या रंगाचा. 2017 पूर्वींचीं दारें-चौकटी शिरपुरासारख्या गांवांतील अनेक वाड्यांत अजून उभीं आहेत. दिवाळीपूर्वीं त्यांवरील पापुद्रे कोरडेच खरवडले जातात आणि धूळ फरशीवर बसते. तो रंग ओला करून काढावा, धूळ झाडूनें उडवूं न देतां ओल्या फडक्यानें टिपावी, आणि तें काम चाललें असतां रांगतें मूल शेजारच्या घरीं ठेवावें.