अळिंबीचे वाढमाध्यम व खनिज पोषण

अळिंबी ही हरितद्रव्य नसलेली बुरशी असल्याने तिचे सारे अन्न माध्यमातूनच यावे लागते. धिंगरी अळिंबी काडातील लिग्निन व सेल्युलोज स्वतः विघटित करते. म्हणून तिला भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून दिले तरी पुरते. बटन अळिंबीला मात्र कुजवून तयार केलेले कंपोस्ट लागते.

गव्हाचे काड, कोंबडीखत, गव्हाचा कोंडा व युरिया यांच्या या कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर सुरुवातीला सुमारे २५ ते ३० : १ असते, तर तयार कंपोस्टमध्ये ते १६ ते १७ : १ च्या आसपास येते. कंपोस्टच्या पाश्चरीकरणानंतर अमोनियाचा वास उरला, तर स्पॉन (अळिंबीचे बियाणे) पेरण्याची घाई करू नये. कवकजाल त्यात तग धरत नाही. कंपोस्टमध्ये मिसळले जाणारे जिप्सम हे नुसते कॅल्शियमचे साधन समजणे अपुरे आहे. ते कंपोस्टचा चिकटपणा घालवून हवा खेळती ठेवते आणि अमोनियाच्या रूपाने जाणारे नत्रही काही अंशी राखते.

धिंगरी वाढवण्याच्या पिशवीतील काडात कोंडा मिसळल्यास उत्पादन वाढते. प्रमाण ओलांडले की पिशवी तापते व ट्रायकोडर्माची हिरवी बुरशी शिरते. नवख्या उत्पादकांचे नुकसान बहुधा येथेच होते.

अळिंबीच्या फळांत पोटॅशियम व फॉस्फरस भरपूर असतात. माध्यमात सोडियम सेलेनाइट घालून सेलेनियमयुक्त अळिंबी घेता येते. पण कॅडमियमसारखे जड धातूही तशाच सहजतेने शोषले जातात.