आठवा सर्व्हर: नाइट कॅपिटलची पंचेचाळीस मिनिटं

२७ जुलै २०१२ आणि पुढचे काही दिवस
नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली बडी शेअर दलाल कंपनी. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना १ ऑगस्टला सुरू होणार होती. तिला मंजुरी मिळाली जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे हातात जेमतेम महिना. नाइटची ऑर्डरी बाजारात पाठवणारी यंत्रणा आठ सर्व्हरवर चालायची. या योजनेसाठीचा नवा कोड टप्प्याटप्प्याने सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर चढवायचा एका तंत्रज्ञाकडून राहून गेला.

त्या तंत्रज्ञाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. काम करणाऱ्या माणसाकडून असं राहतंच. दुसऱ्या कुणी ते तपासलं नाही, आणि तपासावं असा लेखी नियमच कंपनीत नव्हता.

आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण कुणी काढलाही नव्हता. ऑर्डर पुरी झाली की थांबवणारी मोजणी २००५ मध्ये दुसरीकडे हलवली गेली. त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कुणी पाहिलं नाही. आणि नव्या कोडने त्याचाच फ्लॅग, म्हणजे तो कोड चालू करणारी खूण, वापरायला घेतला.

१ ऑगस्ट, सकाळी ८:०१
यंत्रणेतून आपोआप ईमेल सुटू लागल्या. त्यांत त्रुटी स्पष्ट लिहिली होती: पॉवर पेग बंद आहे. बाजार उघडेपर्यंत अशा ९७ मेल कंपनीतल्या एका गटाला गेल्या. त्या धोक्याचा इशारा म्हणून आखलेल्या नव्हत्या, त्यामुळे कुणी दखल घेतली नाही. हातात दीड तास होता. मेल सगळ्यांना गेली की ती वाचणं कुणाचंच काम राहत नाही, हे कुठल्याही ऑफिसात दिसतं.

९:३०
बाजार उघडला. ग्राहकांच्या ऑर्डरी आठव्या सर्व्हरवर आल्या आणि जुना कोड जागा झाला. ऑर्डर पुरी झाल्याचं त्याला कळतच नव्हतं, त्यामुळे तो खरेदी-विक्री करतच राहिला.

९:३० ते १०:१५
गडबड लक्षात आली, पण अशा वेळी कुणी काय करायचं याची ठरलेली पद्धत नव्हती. चालू बाजारातच दुरुस्ती सुरू झाली. नव्या कोडचा संशय आला म्हणून तो ज्या सात सर्व्हरवर व्यवस्थित चढला होता, तिथूनच काढला. नवा कोड निघताच तिथेही जुनाच उरला, तो जागा झाला आणि नुकसान आणखी वाढलं.

इथे मला प्रोजेक्ट मॅनेजरची उणीव सर्वात जास्त जाणवते. हुशार माणसं तिथे होतीच. पण आठही सर्व्हर झाले का, कुणी बघितलं, बिघडलं तर मागे कसं यायचं आणि ‘सगळं बंद करा’ हे कोण म्हणणार, हे प्रश्न कुणीतरी आदल्या आठवड्यात विचारून, नावानिशी उत्तरं लिहून घ्यायला हवी होती. टीम स्वतःचं बघून घेईल, मध्ये मॅनेजर कशाला, असं अनेक कंपन्या आज म्हणतात. टीम आपापलं काम बघते. दोन कामांच्या मधली जागा बघायला वेगळा माणूस लागतो आणि त्याला तेवढा अधिकारही लागतो.

१०:१५
साधारण या सुमारास सगळं थांबलं. पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाख शेअर्सचे ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले होते. तोटा अखेर ४६ कोटी डॉलरच्या वर गेला.

नंतर
दोन दिवसांत नाइटच्या शेअरची सुमारे तीन-चतुर्थांश किंमत गेली. ६ ऑगस्टला गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून कंपनी तगवली; २०१३ मध्ये ती गेटको या ट्रेडिंग कंपनीशी विलीन झाली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला अमेरिकेच्या बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड जाहीर केला. शिवाय कामाच्या पद्धती आणि नियंत्रणं तपासायला बाहेरचा स्वतंत्र सल्लागार नेमणंही कंपनीला मान्य करावं लागलं.