तार तुटली नव्हती, तडफडत होती

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ९.००

सोयगावात आमच्या घराच्या माडीवर लॅपटॉप उघडून बसलोय. माझं काम पहाऱ्याचं. दूरच्या शहरांतल्या सर्व्हरवर कुठली सेवा चालू आहे, कुठली बंद पडली, हे दिवसभर बघत राहायचं. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा असतात. एखादा लाल झाला की फोन उचलायचा. लॉकडाऊनमध्ये गावी आलो, तेव्हापासून हे काम इथूनच चालतं.

आजोबा सांगायचे, गावात जागल्या होता तेव्हा त्याच्या हाकेनं कुणाची झोप मोडत नसे. हाक वेळेवर आली नाही की मोडत असे. आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे. सर्व्हर दर काही सेकंदांनी "मी आहे" अशी हाक देतो आणि आम्ही ती हाक मोजतो. ओळीनं तीन हाका चुकल्या की माणसाला उठवायचं.

सकाळी ९.१५

राष्ट्रीय शेअर बाजार उघडतो. १९९४ मध्ये या बाजारानं पडद्यावरचे सौदे सुरू केले आणि उपग्रहाच्या छत्र्यांनी देशभरातल्या दलालांना मुंबईशी जोडलं. आता छत्रीचीही गरज नाही. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या आमच्या गावात, कापसाच्या गावात, समोरच्या घरातला पोरगा ओट्यावर बसून मोबाइलवर सौदे करतो. आज त्यानं एका बँकेचे शेअर घेतलेत, आजच घेऊन आजच विकायचे या बोलीवर. उद्या, गुरुवारी, महिन्याच्या वायद्यांची मुदत संपते. त्यामुळे बाजारात धावपळ जास्त.

सकाळी १०.१०

"भाऊ, निफ्टी हलंना."

पोरगा जिना चढून वर आलाय. मी त्याला आधी नेट तपासायला सांगतो. गावात बसलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःच्याच नेटचा येतो. पण नेट ठीक आहे. शेअरचे भाव वरखाली होतायत, निफ्टी आणि बँक निफ्टी या निर्देशांकांचे आकडे मात्र गोठलेत. देशभर हेच चाललंय.

मी त्याच्या मोबाइलकडे बघत राहतो. शेअर हलतात आणि निर्देशांक हलत नाही, याचा अर्थ दुकान उघडं आहे पण मागचं कोठार बंद पडलंय. सौदे जुळवणारी यंत्रणा वेगळी आणि पन्नास कंपन्यांच्या भावांवरून निर्देशांक काढणारी वेगळी. लोकांना फक्त पहिली दिसते. पहिलीचा ठिपका हिरवा असला की सगळं चालू आहे असं वाटतं. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त फसवतो तो हाच हिरवा ठिपका. यंत्राला पिंग केलं आणि उत्तर आलं, तर यंत्राला वीज आहे आणि तार जोडलेली आहे, एवढंच सिद्ध होतं. ते काम करतंय का, हे विचारायला त्याला खरोखरचं काम देऊन बघावं लागतं.

सकाळी १०.३०

मुंबईत याच वेळी काय चाललं होतं, ते बाजारानं मार्चमध्ये जाहीर केलं. मुख्य डेटा सेंटर आणि जवळच्या राखीव केंद्रादरम्यान दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा होत्या. एक गेली तर दुसरी असावी, म्हणून दोन. दोन्हींत एकाच सकाळी बिघाड झाला, आणि त्याचं मुख्य कारण होतं त्या रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम.

हे वाचलं तेव्हा मला आमचा रस्ता आठवला. रुंदीकरणात जेसीबीचा दात जमिनीत जातो आणि मातीतून फाटलेली नळी वर येते. आत केसाएवढ्या काचेच्या तारा. जेसीबीवाल्याला पत्ताही नसतो. दोन तासांनी बँकेत रांग लागते आणि आतला माणूस म्हणतो, लिंक नाही. कागदावर दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं असतात. जमिनीत त्या तारा कुठून जातात हे विचारायला कुणी रस्त्यावर उतरत नाही.

पण त्या दिवशीची गोष्ट याहून वाईट होती. तारा पुरत्या तुटल्या नव्हत्या. जोडणी मध्येच येत होती, मध्येच जात होती. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, मेलेली तार परवडते, तडफडणारी नाही. तार मेली की हाका थांबतात, यंत्रणेला कळतं आणि ती राखीव मार्गावर जाते. तडफडणारी तार दोन हाका चुकवते आणि तिसरी देते. मोजणी पुन्हा शून्यावर. यंत्रणेला वाटतं, आहे, जिवंत आहे. ती थांबून राहते.

बाजाराची माहिती ज्या मोठ्या साठवण यंत्रणेत, म्हणजे सॅनमध्ये होती, तिची नक्कल जवळच्या केंद्रात ठेवली जात होती. हेतू हा की एकही नोंद हरवू नये. अशा रचनेत इथे लिहिलेलं तिथेही लिहिलं गेल्याची पोच यावी लागते. पोच येण्याची वाटच तडफडू लागली, तर अशी यंत्रणा एकटीनं पुढे चालायला हवी. ती चालली नाही. मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना आपलीच साठवण दिसेनाशी झाली.

सकाळी ११.००

सौदे जुळवणारी यंत्रणा या सॅनवर नव्हती, म्हणून ती शेवटपर्यंत धडधडत राहिली. बंद पडल्या त्या बाकीच्या: निर्देशांक, देखरेख, आणि सगळ्यात महत्त्वाची, क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम मोजणारी यंत्रणा. कोणत्या दलालानं किती सौदे केले आणि तेवढी अनामत त्याच्याकडे आहे का, हे ती क्षणोक्षणी बघते. एखाद्याची अनामत संपली की ती त्याचा हात धरते. ती आंधळी झाली की कुणीही कितीही सौदे करू शकतो, आणि पैसे देण्याची वेळ आली की दिवाळं निघू शकतं. इंजिन पळतंय आणि ब्रेक लागत नाहीत, अशी ती स्थिती.

सकाळी ११.४०

बाजार बंद. रोखीचे, वायद्याचे, सगळे विभाग. हा निर्णय बरोबरच होता, माझ्या मते उशिराच झाला.

दुपारी १२ ते ३

काहीच कळत नाही. कधी उघडेल, उघडेल की नाही, कुणी सांगत नाही. बाजाराचं दूरचं राखीव केंद्र चेन्नईत आहे, याच दिवसासाठी बांधलेलं. तिकडे कारभार हलवला गेला नाही. पोरगा जेवायला गेला, परत आला, माझ्या शेजारी बसून राहिला. माझ्या पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते आणि मला त्यांची भीती वाटत होती.

दुपारी ३.१५ च्या आसपास

मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, दिवसभर चालू आहे. एका बाजारात घेतलेला शेअर दुसऱ्यात विकून हिशेब मिटवण्याची सोय २०१९ पासून आहे. साडेतीनला तोही बंद होणार. दलालांपुढे प्रश्न आहे, ग्राहकांचे आजच मिटवायचे सौदे उघडे कसे ठेवायचे? अनेकांनी ते बीएसईवर मिळेल त्या भावानं मिटवून टाकले. आमच्या पोराच्या दलालानंही त्याचे शेअर विकले. मोबाइलवर सूचना आली तेव्हा तो काही बोलला नाही.

आणि मग, याच सुमारास, घोषणा झाली. राष्ट्रीय शेअर बाजार ३.४५ ला पुन्हा उघडेल आणि ५ पर्यंत चालेल.

ही घोषणा तासभर आधी आली असती, तर देशभरातले हजारो सौदे मोडले नसते. यंत्र बिघडतं, हे मी रोज बघतो, त्याचा मला राग नाही. पण जागल्याला काय चाललंय ते दिसत असताना गावाला हाक न देणं, याला माझ्याकडे माफी नाही.

दुपारी ३.४५ ते ५.००

बाजार उघडला आणि उसळला. खासगी बँकांना सरकारी व्यवहार खुले करण्याचा निर्णय त्याच दिवशी झाला होता, बँकांचे शेअर वर गेले. बीएसईचा सेन्सेक्स १,०३० अंकांनी वाढला, निफ्टी १४,९८२ वर थांबला. पोराकडे तेव्हा एकही शेअर नव्हता.

त्यानंतर

मार्च २०२१ मध्ये बाजारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं नियम कडक केला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचं. हा हिशेब त्या बुधवारला लावला आणि घड्याळ अगदी बाजार बंद झाल्यापासून धरलं, तरी ११.४० चं काम १२.५५ ला सुरू व्हायला हवं होतं. म्हणजे पोरगा जेवून परत येईपर्यंत.

मी माझ्या पडद्यावर दोन बदल केले. तार किती वेळा गेली-आली, याची वेगळी मोजणी लावली. तासात चार वेळा अशी तडफड दिसली, तर ठिपका हिरवा असला तरी फोन वाजतो. दुसरं, दोन्ही कंपन्यांकडून तारांचा रस्त्यावरचा नकाशा मागवला. तीनशे मीटर दोन्ही तारा एकाच चरातून जातात. त्यातली एक हलवण्याचा अर्ज केला आहे.

जून २०२३ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार आणि त्याच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशननं मिळून सुमारे ७२ कोटी रुपये भरून त्या बुधवारचं प्रकरण सेबीकडे तडजोडीनं मिटवलं. समोरच्या पोराला त्यातला एक रुपयाही आला नाही.