खाजगी वनराई : परंपरा, कायदा आणि विवेक

अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या सान्निध्यात, अंजना नदीच्या काठी वसलेल्या पिशोर परिसराला वृक्षांचा सहवास नवा नाही. याच कन्नड तालुक्यातील गौताळा-औट्रमघाटचे पानझडी अरण्य १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. मात्र सरकारी जंगल आणि काळी शेती यांच्या मध्ये आणखी एक भूमी असते. मालकीच्या मुरमाड, बरड तुकड्यावर आणि बांधावर राखलेली ही लहानशी वनराई होय. तिचा इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे.

पूर्वीच्या ग्रामव्यवस्थेत प्रत्येक झाडाचे काम ठरलेले होते. बाभळीच्या लाकडातून औते व गाडीची चाके घडत, सागाच्या तुळयांवर माळवद उभे राही, लिंबाचा पाला धान्याच्या कणगीत जाई आणि आंबा, चिंच, मोह यांच्या फळाफुलांवर अनेक कुटुंबांचा हंगाम निघे. कोणते झाड केव्हा तोडावे आणि कोणते नातवासाठी राखावे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते सुताराच्या आणि शेतकऱ्याच्या अनुभवात होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या वनराईस कायद्याची चौकट लाभली. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. त्यानंतर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने साग, मोह, चिंच, आंबा, हिरडा, खैर, चंदन, जांभूळ, अंजन आदी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या जमिनीतही विनापरवाना तोडण्यास प्रतिबंध केला. वाळलेले, रोगट अथवा वादळाने पडलेले झाड तोडण्यास परवानगी मिळण्याची तरतूद त्यात आहे आणि तोडीनंतर पुनर्लागवडीची अटही आहे. पुढे १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. लहान खातेदारांना दिलासा देणारी तरतूदही नंतर करण्यात आली. या कायद्यांचा हेतू संरक्षणाचा होता. परंतु झाड लावले तर जमीन जाईल किंवा तोडीसाठी खेटे घालावे लागतील, ही भीतीही अनेकांच्या मनात घर करून राहिली. म्हणूनच लागवडीची नोंद सातबारा उताऱ्यावर वेळीच करून घेणे हे वृक्षपालनाचे पहिले पाऊल ठरते.

१९७० च्या दशकात मणिभाई देसाई यांच्या 'बायफ' संस्थेने उरुळी कांचन येथून सुबाभळीचा प्रसार केला. १९८० च्या दशकात निफाड तालुक्यातील विनायकराव पाटील यांनी निलगिरीची शेती व तिच्या विक्रीसाठी सहकाराचा मार्ग दाखविला. त्याच दशकाच्या अखेरीस उत्तर भारतात मात्र निलगिरीचे उत्पादन अतोनात वाढून भाव कोसळले आणि अनेकांनी झाडे उपटून टाकली. केवळ एका जातीवर व एका बाजारावर विसंबलेली वनराई टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला. २०१७ साली वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या कायदेशीर व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्यास आणखी एक पर्याय खुला झाला.

वृक्षपालनाचे शास्त्र तसे साधे, परंतु संयमाचे आहे. सागास निचऱ्याची जमीन व भरपूर प्रकाश लागतो. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत तो खुरटतो. प्रारंभी दाट लावलेल्या रोपांतून काही वर्षांनी वेडीवाकडी, दबलेली झाडे काढून विरळणी केली नाही, तर सर्वच बारीक राहतात. साग जमिनीलगत स्वच्छ तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. त्यांपैकी एक-दोन सशक्त राखावयाचे असतात. पानगळीनंतर वणव्यापासून बचावासाठी कडेने जाळरेषा आखणे अगत्याचे असते.

जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केला आहे. श्रावकास वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत कोळसा पाडण्याचे अंगारकर्म आणि जंगलतोडीवर जगण्याचे वनकर्म यांचा समावेश आहे. लेश्यांच्या प्रसिद्ध दृष्टांतात जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्यांपैकी एकास झाड मुळासकट पाडावेसे वाटते, तर शेवटचा गळून पडलेल्या फळांवर तृप्त होतो. झाड तेच, भूकही तीच. भेद केवळ भावाचा आहे. वेरूळच्या जैन लेण्यांत अंबिकादेवी आम्रवृक्षाखाली विराजमान आहे, हे शिल्पही या भागातील भाविकांस परिचित आहे.

यातूनच खरा पेच उभा राहतो. विरळणी केली नाही तर वनराई खुरटते आणि लोभाने तोड केली तर ती नाहीशी होते. अहिंसेचे आचरण करणाऱ्या जमीनमालकास या दोहोंमधून वाट काढावी लागते. वाळलेले, पडलेले व दबलेले आधी घ्यावे, फळझाडास हात लावू नये आणि जेवढे काढावे त्याहून अधिक लावावे, हा त्यातील मध्यममार्ग होय. जुन्या वनव्यवस्थापनात सागाची फेरी ६० ते ८० वर्षांची धरली जाई. संस्थेच्या जीवनात ५० वर्षे हा सुवर्णमहोत्सव असतो; सागाच्या आयुष्यात ते केवळ ऐन तारुण्य असते. आज लावलेल्या झाडाची सावली लावणाऱ्याच्या वाट्याला येईलच असे नाही. म्हणून ते लावणे हेही एक दानच ठरते.