तिरकी केलेली चेतक

बजाज चेतक १९७२ साली आली. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्यामुळे मिळालेली गाडी जपणं भागच होतं. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आमच्या उस्मानपुऱ्यापासून जवळ, वाळूजला सुरू झाला.

चेतकमध्ये पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरमध्ये स्वतःच्या वजनानं उतरे. म्हणून पेट्रोल संपत आलं की गाडी तिरकी करायची. तरी अडलं, तर पाइप काढून बघायचं. धार नीट, तर दोष पुढे कार्ब्युरेटरमध्ये. धार बारीक, तर झाकण सैल करायचं. वाढली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर कॉकच्या जाळीत कचरा.

मी कोडमधला बग असाच शोधतो, साखळी मध्येच तोडून. पण तेव्हा ही विद्या गाडीमालकालाही येई. आपल्या हातातला फोन मात्र साधा उघडताही येत नाही.